ग्रीक देवळं आणि 'तेच ते खांब': एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

युरोप सहलीच्या गटांमध्ये ग्रीक देवळांबद्दल एक सल्ला हमखास फिरतो. ही देवळं काळाच्या ओघात पडली, सगळीकडे तेच खांब उरलेत, अखंड देऊळ कुठेच नाही. त्यामुळे सकाळी आठला अथेन्सच्या अक्रोपोलिसला जा, तिकीट काढा, तासाभरात आटपा आणि बाकीची गाळा. चार विधानं आहेत आणि चारही लंगडी.

'काळाच्या ओघात पडली'

काळ इथे विनाकारण बदनाम झालाय. अक्रोपोलिस टेकडीवरचं अथेना देवीचं देऊळ, पार्थेनॉन, इ.स.पू. 438मध्ये उभं राहिलं, पुढे चर्च झालं, मग मशीद. 17व्या शतकातही त्याच्या भिंती आणि खांब बहुतांशी जागेवर होते. 26 सप्टेंबर 1687 रोजी व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा आत साठवलेल्या ऑटोमन दारूगोळ्यावर पडला आणि देवळाचा मधला भाग उडाला. उरलेल्या शिल्पांपैकी बरीचशी 1801पासून ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी उतरवून इंग्लंडला नेली. सिसिलीत अग्रिजेंटोच्या झ्यूसच्या देवळाचे दगड तर 18व्या शतकात जवळच्या बंदराच्या धक्क्यात गेले.

पडण्याचं कारण बऱ्याचदा जागेवरच वाचता येतं. खांब ज्या गोल दगडांचा रचलेला असतो, त्या चकत्या ओळीने कलंडलेल्या दिसल्या, तर अख्खा खांब एका झटक्यात आडवा झालाय: ऑलिंपियाला झ्यूसच्या देवळात 6व्या शतकातल्या भूकंपांनी, अथेन्सच्या ऑलिंपियन झ्यूसच्या देवळात 1852च्या वादळाने. जोतं आहे पण वरचं काहीच नाही, तर दगड बहुधा कुणीतरी बांधकामाला नेलेत. दोन दगडांच्या सांध्यापाशी ओबडधोबड खड्डे दिसले, तर धातू उकरून काढलाय. हे बांधकाम आपल्या हेमाडपंती देवळांसारखं, चुन्याशिवाय. शेजारचे दगड लोखंडी आकड्यांनी जोडून वर शिसं ओतलेलं असे, म्हणजे लोखंडाला पाणी लागत नसे. 20व्या शतकाच्या सुरुवातीच्या डागडुजीत निकोलाओस बालानोस या अभियंत्याने पार्थेनॉनमध्ये शिशाशिवाय लोखंड घातलं. ते गंजून फुगलं आणि संगमरवर तडकला. फोटो बिघडवणाऱ्या परांचीबद्दल जी कुरकुर होते, ती परांची बरीचशी हेच निस्तरायला बांधलेली आहे: जुनं लोखंड काढायचं आणि टायटॅनियम बसवायचं. जास्त पांढरे दिसणारे तुकडे नव्या संगमरवराचे.

'सगळीकडे तेच खांब'

मोजून पाहा. आधी दर्शनी बाजू, मग लांब बाजू, कोपऱ्यातला खांब दोन्हीकडे धरायचा. इ.स.पू. 5व्या शतकातलं नेहमीचं प्रमाण 6 बाय 13. पार्थेनॉन 8 बाय 17. ऑलिंपियाचं हेराचं देऊळ त्याहून बरंच जुनं, 6 बाय 16, लांबुळकं. त्याचे खांब एकमेकांशी जुळत नाहीत, कारण मूळचे लाकडी खांब एकेक करत दगडी झाले असं मानतात. 2ऱ्या शतकात ग्रीक प्रवासवर्णनकार पौसानियास तिथे गेला तेव्हा ओकचा एक खांब अजून उभा होता.

सर्वांत मजेदार आकडा दक्षिण इटलीत पेस्टुमला सापडतो. 'बॅसिलिका' असं चुकीचं नाव चिकटलेलं हेराचं देऊळ 9 बाय 18 आहे. दर्शनी खांब विषम, म्हणून गाभाऱ्याच्या मधोमधही खांबांची रांग येते आणि मूर्ती मध्यावर ठेवायची सोयच राहत नाही. याच देवळात खांबांचे माथे पाहा: दाबलेल्या उशीसारखे पसरट, फुगीर. शेजारचं 'नेपच्यून' म्हणून ओळखलं जाणारं देऊळ सुमारे शंभर वर्षांनंतरचं; तिथे तोच माथा आवळून सरळ झालाय. काळ ओळखायची ही खूण डोरिक, म्हणजे साध्या माथ्याच्या खांबांच्या शैलीतल्या देवळांत बहुतेक ठिकाणी चालते.

खाचाही मोजाव्यात. डोरिक खांबाला सहसा 20 उभ्या खाचा असतात, सुनियनला पोसायडनच्या देवळात 16. आणि बासाईचं अपोलोचं देऊळ, 1131 मीटर उंचीवर, 1987पासून मोठ्या तंबूखाली आहे. तंबू पाहून लोक हिरमुसतात, पण करड्या चुनखडकाला ऊनपाऊस आणि हिमापासून वाचवायला तो लागतोच. हे देऊळ नेहमीसारखं पूर्व-पश्चिम नव्हे, उत्तर-दक्षिण आहे.

'अखंड देऊळ कुठेच नाही'

अथेन्समध्येच, अक्रोपोलिसच्या पायथ्याला, प्राचीन अगोरात, म्हणजे बाजारचौकात, हेफेस्टसचं देऊळ खांब-भिंतींसकट उभं आहे. अग्रिजेंटोचं कॉन्कॉर्डियाही. दोन्ही वाचली ती चर्च झाल्यामुळे. कॉन्कॉर्डियाच्या गाभाऱ्याच्या भिंतींत तेव्हा कोरलेल्या कमानी आजही दिसतात. सिसिलीतल्याच सिरॅक्यूजच्या कॅथेड्रलमध्ये तर अथेनाच्या देवळाचे डोरिक खांब भिंतीत अडकलेले आहेत आणि तिथे अजून प्रार्थना चालते. सिसिलीतलंच सेजेस्ताचं देऊळ पडकं नाहीच, अर्धवट सोडलेलं आहे: खांबांना खाचा पाडलेल्या नाहीत आणि जोत्याच्या दगडांवर उचलण्यासाठी ठेवलेले उंचवटे तासलेले नाहीत. ग्रीस आणि इटली एकाच शेंगेन व्हिसावर होतात. तुर्कीतल्या डिडिमाच्या देवळासाठी वेगळा व्हिसा लागतो, पण उतरत्या बोगद्यातून गाभाऱ्याच्या उघड्या चौकात शिरायचं असेल तर तो काढावाच.

'आठला जा, तासात आटपा'

अक्रोपोलिसला आता ठरावीक वेळेचा प्रवेश आहे आणि दिवसाला 20,000 जणांची मर्यादा. 2025पासून तिकीट 30 युरो; ते सरकारी संकेतस्थळावर आधीच काढावं. अगोरा आणि अक्रोपोलिस संग्रहालयाची तिकिटं वेगळी. सकाळचा मधला भाग क्रूझवाल्या बसगाड्यांचा असतो. उशिराची दुपार त्या मानाने बरी, पण कडक उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेत दुपारी काही तास दरवाजे बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी खात्री करावी. मुख्य दरवाजाला रांग असेल तर संग्रहालयाजवळच्या आग्नेय दरवाजाने चढावं. वाटेत डायोनिससचं नाट्यगृहही होतं. पार्थेनॉनच्या आत सोडत नाहीत, पण टोकाला उभं राहून पायरीच्या कडेवरून नजर लावली की ती मध्यावर उचललेली कळते: लांब बाजूला सुमारे 11 सेंटीमीटर, आखूड बाजूला 6. उंच टाचांना बंदी आहे. पावलांनी गुळगुळीत झालेला संगमरवर कोरडा असतानाही घसरवतो, म्हणून रबरी तळव्याचे बूट घालावेत.