बिल भागलं, रोज बुडाला

रिक्षाचा क्लच डाव्या मुठीत असतो आणि गियरही तीच मूठ पिळून पडतो. चिकुनगुनियानं बोटांची पेरं सुजली की ताप उतरल्यावरही ती मूठ आवळत नाही. स्वारगेट ते कात्रज एवढ्या एका फेरीत क्लच किती वेळा दाबावा लागतो, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. हे दुखणं आठवड्यांत आवरतं, कधी महिने पुरतं. त्यात हॉस्पिटलचं बिल जवळपास नसतंच; बुडते ती रोजची कमाई.

ब्रिटनमधून पुण्यातल्या चर्चा ऐकताना खटकतं ते हेच, की आजारपण म्हटलं की आपण बिलापाशी थांबतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसची, म्हणजे नसांवर घाला घालून हातपाय लुळे करणाऱ्या गिया-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हा बोलणं होतं इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांच्या किमतीचं आणि उपचार मोफत कुठे मिळतील याचं. ते रास्तच होतं. पण या आजारातून उठल्यावर पायांत ताकद यायला महिने जातात. महात्मा फुले जनआरोग्य योजना पाच लाखांपर्यंतचा खर्च उचलते, तो हॉस्पिटलला देते. घरी भिंत धरून चालायला शिकणाऱ्या सुताराच्या खात्यात त्यातलं काही येत नाही. खासगी विम्यातली हॉस्पिटल कॅश फक्त दाखल असलेल्या दिवसांची. अपघात विम्यात आठवड्याचा भत्ता असतो, पण डास चावणं हा अपघात नव्हे.

नोकरदाराला हा प्रश्न निदान कागदावर सुटलेला आहे. २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवस भरले असतील तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. म्हणजे ५०० रुपये रोज असेल तर ३५० रुपये. चिंचवडच्या कारखान्यातल्या फिटरला हे मिळतं. त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाची टपरी चालवणाऱ्याला नाही.

टपरीवाल्याला असं काही द्यावं म्हटलं की आपल्याकडे पहिला आक्षेप ठरलेला: सगळे सोंग घेतील. त्याच्या मागोमाग ‘लाडकी बहीण’मधल्या अपात्र नावांचा दाखला येतो. या आक्षेपाला ब्रिटनची व्यवस्था बऱ्यापैकी उत्तर देते, आणि ते उत्तर फारसं दयाळू नाही.

इथे नोकरदारांचा सक्तीचा आजारपण पगार स्वतंत्र व्यावसायिकांना मिळत नाही. त्यांच्यासाठी ‘न्यू स्टाइल ईएसए’ नावाचा भत्ता आहे, तो राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीवर. २०२५-२६ च्या दरानं पहिले १३ आठवडे मिळत होते आठवड्याला फार तर ९२.०५ पौंड. त्याच वर्षी किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होतं. म्हणजे आठवडाभराचा भत्ता जेमतेम साडेसात तासांच्या किमान मजुरीइतका. एवढ्यासाठी हातचं गिऱ्हाईक सोडून सोंग घेणारा प्लंबर शोधून दाखवावा.

अर्ज करताना राष्ट्रीय विमा क्रमांक, बँक खातं, डॉक्टरांचा पत्ता आणि ‘फिट नोट’, म्हणजे आजारपणाचा दाखला लागतो. पहिल्या सात दिवसांसाठी दाखला नको, आठव्यापासून हवा. २०२२ पासून तो डॉक्टरांखेरीज परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्टही देऊ शकतात. पहिले सात दिवस कोरडे, म्हणजे भत्ता नाही. उशीर झाला तर तीन महिने मागपर्यंतचा दावा करता येतो, पण त्या दिवसांचेही दाखले हवेत. लोक नेमके इथेच अडकतात: पहिला दाखला संपतो, दुसरा चार दिवस उशिरा निघतो आणि पैसे थांबतात. पुढे क्षमतेची तपासणी होते. पुढे कधीतरी कामावर परतू शकाल असं ठरलं तर भत्ता ३६५ दिवसांत संपतो. गंभीर गटात गेलात तर रक्कम वाढते आणि मुदत उरत नाही.

वर्गणीची मेख त्याहून तिखट. पाहिली जातात ती भत्त्याच्या (जानेवारीपासूनच्या) वर्षाआधीची दोन पूर्ण करवर्षं, आणि करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. आधी नोकरी नसताना एप्रिल २०२४ मध्ये धंदा सुरू केलेला माणूस ऑक्टोबर २०२५ मध्ये आजारी पडला, तर २०२२-२३ आणि २०२३-२४ तपासली जातात, तिथे शून्य. वर्गणी चालू असूनही जानेवारी २०२७ पर्यंत हात रिकामे. नफा फार कमी असेल तर आठवड्याला साडेतीन पौंडांची (२०२५-२६ चा दर) ऐच्छिक ‘क्लास टू’ वर्गणी भरून हक्क राखता येतो. ती न भरणाऱ्याला खाडा पडल्याचं आजारपणातच कळतं. आणखी एक गोष्ट व्हिसावर आलेल्या मराठी मंडळींना बहुधा ठाऊक नसते: सरकारी मदतीला मज्जाव असा शिक्का असला तरी हा वर्गणीवरचा भत्ता त्या मज्जावात मोडत नाही. कमाई आणि बचत पाहून मिळणारी ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही मदत मात्र मोडते.

‘युनिव्हर्सल क्रेडिट’चा आणखी एक फास आहे. तिथे हिशोब महिन्याचा आणि रोखीचा. मार्चमध्ये केलेल्या कामाचे पैसे मेमध्ये आले आणि माणूस मेमध्ये अंथरुणावर असला, तरी ती मेची कमाई. पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात. शिवाय १६,००० पौंडांवर बचत असेल तर दारच बंद.

यातून पुण्यानं काय उचलावं? माझ्या मते एकच गोष्ट, ती म्हणजे सरसकट रक्कम. वडापाववाल्याचा सरासरी रोज ठरवायला बसलात तर मेलात. क्यूआर कोडवर दिसते ती विक्री. त्यातून बटाटे, बेसन, तेल, गॅस आणि पोऱ्याचा पगार वजा कसा करणार? ब्रिटननं कमाई मोजायच्या फंदात न पडता वर्गणीवाल्याला ठरावीक रक्कम दिली. आपल्याकडे दोन-तीन टप्पे करावेत, वर्गणी त्या टप्प्यानुसार. सहा महिने वर्गणी झाल्याशिवाय दावा नाही, नाहीतर प्लेटलेट उतरल्यावर नाव नोंदवायला रांग लागेल. पहिले तीन दिवस कोरडे, सात नको. हातावर पोट असलेल्याला आठवडा झेपत नाही आणि तो दुखणं अंगावर काढतो.

मालकाचे ३.२५ टक्के कोण भरणार, हा खरा अडसर. त्याचं उत्तर ब्रिटनमध्ये शोधू नये, मार्केट यार्डात शोधावं. १९६९ च्या माथाडी कायद्यानं अनेक मालकांकडे ओझं वाहणाऱ्या हमालासाठी मंडळ उभं केलं. मजुरीवर ठरावीक लेव्ही व्यापाऱ्यानं मंडळात भरायची. एक मालक नाही म्हणून हक्क नाही, हे आर्ग्युमेंट तेव्हाच निकालात निघालं. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे आहेत. त्यातल्या योजनांच्या यादीत अपघात, आरोग्य, म्हातारपण आहे; आजारपणातला रोज नाव घेऊन नाही. तो घालून घ्यायला हवा. टपरीवाल्याच्या बाबतीत मालकाच्या जागी सरकारला उभं राहावं लागेल, त्याला पळवाट नाही.

सोंगापेक्षा अवघड प्रश्न वेगळेच येतील. बोटं सुजलेला रिक्षावाला गाडी उभी ठेवत नाही, शिफ्टवर दुसऱ्याला देतो आणि रोजचं भाडं घेतो. हे काम की नाही? टपरीवर बायको बसली तर धंदा बंद म्हणायचा की चालू? ब्रिटनच्या ईएसएमध्ये पाहतात ते आजारी माणूस स्वतः किती राबला. आठवड्याला १६ तासांच्या आत आणि २०२५-२६ मध्ये १९५.५० पौंडांपर्यंत चालत होतं, तेही कळवून. पुण्यात हा नियम लिहिताना रिक्षाचं भाडं चालेल असं आधीच लिहून टाकावं. गाडीचा हप्ता त्याच भाड्यातून जातो. ते घेऊ नको म्हटलं तर मूठ आवळत नसतानाही तो माणूस स्वारगेटच्या रांगेत गाडी लावेल.