‘अ‍ॅपो लेन्स म्हणजे नुसतं लेबल’: एका फिरत्या दाव्याची झडती

मिररलेस कॅमेरा वापरणाऱ्या बहुतेकांच्या फोनवर हा मजकूर एव्हाना येऊन गेला असेल: "अ‍ॅपो हे निव्वळ मार्केटिंग आहे. रंगीत कडा सॉफ्टवेअरमध्ये एका टिकनं जातात. उरल्याच तर अ‍ॅपर्चर एक स्टॉप बंद करा. दोन अ‍ॅपो लेन्समध्ये तसाही काही फरक नसतो, वर फोटो निर्जीव येतात. आणि ब्लॅक अँड व्हाइट करणाऱ्यांनी तर या भानगडीत पडूच नये."

अ‍ॅपो म्हणजे अ‍ॅपोक्रोमॅट, तीन रंगांचा प्रकाश एकाच फोकसला आणायला बनवलेली लेन्स; हे जमलं नाही की वस्तूंच्या कडांना रंगीत झाक येते. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; ते एक स्टॉप बंद केलं की प्रकाश निम्मा होतो आणि एफ-नंबर वाढतो. पाच-सहा वाक्यांत निकाल लावून मोकळे. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण जे खरं आहे ते चुकीच्या कारणासाठी सांगितलंय, आणि जे खोटं आहे ते ऐकून लोक लेन्स विकत घेतायत किंवा घ्यायच्या टाळतायत.

"कडा सॉफ्टवेअरमध्ये एका टिकनं जातात."

कुठल्या कडा, हे आधी विचारायला हवं. काचेचा अपवर्तनांक प्रत्येक रंगासाठी थोडा वेगळा असतो आणि त्यातून दोन निराळे दोष निघतात. पहिल्यात लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची प्रतिमा किंचित लहानमोठी पडते. फ्रेमच्या मध्यावर काहीच दिसत नाही. कोपऱ्याकडे जावं तसं खिडकीच्या चौकटीला एका बाजूनं लालसर आणि दुसऱ्या बाजूनं निळसर-हिरवट रेघ दिसू लागते. हा आडवा दोष. इथे टिक खरंच चालते, कारण लाल आणि निळा चॅनेल (फाइलमधली त्या त्या रंगाची वेगळी प्रतिमा) मोजून थोडा ताणला की तिन्ही प्रतिमा एकमेकींवर बसतात. एवढ्यापुरता दावा मान्य.

दुसऱ्या दोषात प्रतिमा लहानमोठी होत नाही, फोकसच मागेपुढे पडतो. हिरवा प्रकाश सेन्सरवर नेमका जुळला असेल तेव्हा लाल आणि निळा जरा पुढे किंवा मागे जुळतात. त्याचा परिणाम फ्रेमभर होतो, अगदी मध्यावरसुद्धा. फोकसच्या अलीकडच्या कडा जांभळट होतात, पलीकडच्या हिरवट. हा चॅनेल ताणून काय होणार? तो मुळात आउट ऑफ फोकस आहे. ‘डीफ्रिंज’चा स्लायडर इथे दुरुस्ती करत नाही, जांभळ्या-हिरव्या कडांमधला रंग फक्त पुसतो. पसरलेला प्रकाश होता तिथेच राहतो, करडा होऊन.

पांढऱ्या केसांच्या माणसाचं पोर्ट्रेट घ्या. ८५ मिमीची साधी लेन्स, एफ/१.८, फोकस जवळच्या डोळ्यावर. कपाळावर पुढे आलेली एखादी बट जांभळट झाक घेते, कानामागचे सुटे केस हिरवट होतात, चष्म्याच्या धातूच्या काडीवर तर दोन्ही रंग दोन टोकांना दिसतात. आता हिरवा पुसायला जा, मागच्या पानांच्या कडाही फिक्या पडतात. जांभळा पुसा, कॉलरवरच्या जांभळ्या धाग्याची कड राखाडी होते. मग ब्रश घेऊन एकेक केस सोडवत बसायचं. लग्नाच्या आठशे फोटोंत हे कोण करणार?

आणखी एक गोम. बहुतेक मिररलेस कॅमेरे आडव्या दोषाच्या दुरुस्तीची माहिती रॉ फाइलमध्येच (सेन्सरवरून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) भरून देतात आणि बरीच सॉफ्टवेअर ती न विचारता लावतात. त्यामुळे "मी स्वस्त आणि महाग दोन्ही लेन्स ताडून पाहिल्या, कोपऱ्यात रंग कुठेच नाही" असं म्हणणारा अनेकदा सॉफ्टवेअरचं काम लेन्सच्या नावावर जमा करत असतो. तुलना करायची तर ही दुरुस्ती बंद करता येईल असा रॉ प्रोग्रॅम हवा. रॉथेरपी किंवा डार्कटेबलमध्ये ते जमतं.

"उरल्याच तर एक स्टॉप बंद करा."

इथे थोडं गणित करू, कारण सगळा वाद आकड्यांनी पटकन मिटतो. दोन रंग जुळवलेल्या साध्या जोडभिंगात, म्हणजे अ‍ॅक्रोमॅटमध्ये, उरलेल्या रंगांच्या फोकसमधला फरक फोकल लांबीच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतका असतो. प्रत्यक्ष फोटोच्या लेन्समध्ये भिंगं जास्त असतात आणि आकडा इकडेतिकडे होतो, पण अंदाजाला हा पुरे. ५० मिमीला तो २५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) येतो. या फरकामुळे पडणारा धूसर ठिपका म्हणजे ही संख्या भागिले एफ-नंबर. एफ/१.४ ला सुमारे १८ मायक्रॉन, एफ/२ ला १२, एफ/२.८ ला ९ आणि एफ/५.६ ला साडेचार.

फुल फ्रेम २४ मेगापिक्सेल सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा, ६१ मेगापिक्सेलचा ३.८ मायक्रॉनचा. म्हणजे एफ/१.४ वरून एक स्टॉप बंद करून एफ/२ ला आलात तरी ठिपका २४ मेगापिक्सेलवर दोन आणि ६१ वर तीन पिक्सेल व्यापतो. एका स्टॉपनं दोष जात नाही, कमी होतो. जायला तीन-चार स्टॉप लागतात. आडवा दोष तर अ‍ॅपर्चरला दादच देत नाही. तो एफ/८ लाही तेवढाच असतो.

याच हिशोबातून दुसरी गोष्टही निघते आणि ती दावा करणाऱ्यांच्या बाजूची आहे. तिपाईवर एफ/८ ला निसर्गदृश्यं काढणाऱ्याला अ‍ॅपो प्राइमचा (एकाच फोकल लांबीच्या लेन्सचा) फायदा जवळपास शून्य. खरी गरज लांब फोकल लांबीला, उघड्या अ‍ॅपर्चरला. १३५ मिमी एफ/१.८ ला हाच ठिपका ३७ मायक्रॉन होतो, ६१ मेगापिक्सेलवर जवळजवळ दहा पिक्सेल. टेलिफोटोवाले रंगदोषाच्या मागे इतकी वर्षं का लागलेत ते इथे कळतं. कॅननने १९६९ मध्ये कृत्रिम फ्लोराइटचं, म्हणजे रंग फार कमी फाकवणाऱ्या स्फटिकाचं, भिंग आणलं, ते ३०० मिमीच्या लेन्समध्ये.

"अ‍ॅपो हे निव्वळ मार्केटिंग आहे."

मूळ कल्पना मार्केटिंगची नाही. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी जर्मनीतल्या येना इथे १८८६ मध्ये सूक्ष्मदर्शकासाठी पहिली अ‍ॅपोक्रोमॅट भिंगं आणली, त्यात फ्लोराइट होतं. त्यांची अट दुहेरी होती. तीन रंग एका फोकसला यायला हवेत आणि त्यातल्या दोन रंगांसाठी गोलीय विपथनही (भिंगाच्या कडेतून आणि मध्यातून आलेले किरण एका बिंदूत न जुळण्याचा दोष) सुधारलेलं हवं. दुसरी अट हल्ली कुणी उच्चारत नाही. तीन रंग जुळूनही प्रत्येक रंगाचं गोलीय विपथन वेगळं असलं, तर बोकेच्या, म्हणजे फोकसबाहेरच्या दिव्यांच्या, गोळ्यांना रंगीत काठ राहतातच.

पण आज फोटोच्या लेन्सवर अ‍ॅपो छापायला कुठली परीक्षा पास व्हावी लागत नाही. तीन रंग एका रेषेवर आले, पण त्यांच्या मधले रंग किती भरकटले हे ते लेबल सांगत नाही. उलट सोनीच्या १३५ मिमी एफ/१.८ जीएमच्या नावात अ‍ॅपो कुठेच नाही, तरी तिची उघड्या अ‍ॅपर्चरची रंगशुद्धता भल्याभल्यांच्या पंक्तीत बसते. कॅननने २०१५ मध्ये ३५ मिमी एफ/१.४ एल २ मध्ये निळा प्रकाश वेगळ्या प्रमाणात वळवणारा ‘बीआर’ थर घातला आणि पुढे आरएफ ८५ मिमी एफ/१.२ मध्येही तो वापरला. नावात त्यांनीही अ‍ॅपो लिहिलं नाही. तेव्हा लेबल पाहून लेन्स घेऊ नये हे खरं. लेबलामागे काही नसतंच, हे मात्र खोटं.

"दोन अ‍ॅपो लेन्समध्ये फरक नसतो."

हे वाक्य लिहिणाऱ्यानं त्या शेजारीशेजारी लावलेल्या नसाव्यात. फोक्टलेंडरची अ‍ॅपो-लँथर ५० मिमी एफ/२ सोनी ई माउंटसाठी (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची जोडणी) २०१९ मध्ये आली. मॅन्युअल फोकस, आकारानं आटोपशीर. लायकाची अ‍ॅपो-सुमिक्रॉन-एम ५० मिमी एफ/२ ही २०१२ ची, त्याहून छोटी, पण एम माउंटची. झाइसची ओटस ५५ मिमी एफ/१.४ आली २०१३ मध्ये, आरसा असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यांसाठी, वजन किलोभराच्या आसपास. ओटस एमएल मालिका खास मिररलेससाठी २०२५ मध्ये बाजारात उतरली. एफ/२ वर थांबून रंग सांभाळणं आणि एफ/१.४ ला सांभाळणं यात आकार-वजनाचा केवढा फरक पडतो, ते या यादीतच दिसतं.

दुसरी बाब सेन्सरवरच्या काचेची. लायका एम कॅमेऱ्यांत ती पातळ असते, इतर मिररलेसवर बरीच जाड. एम माउंटची लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून दुसऱ्या कॅमेऱ्यावर चढवली की कोपरे बिघडू शकतात, वाइड अँगलला तर जास्तच. तो दोष त्या लेन्सच्या माथी मारणं अन्याय आहे, आणि असल्या तुलना सर्रास होतात.

ताडून पाहायचं तर वर्तमानपत्राचं पान ४५ अंशांत तिरकं ठेवा, मधल्या एका ओळीवर मॅग्निफाय करून हातानं फोकस करा, व्हाइट बॅलन्स पक्का करा आणि दोन्ही लेन्स एकाच अ‍ॅपर्चरला लावा. मधली ओळ पाहू नका, ती सगळ्यांचीच चांगली येते. दोन-तीन ओळी वरच्या आणि खालच्या अक्षरांच्या कडा पाहा. जांभळट आणि हिरवट झाक तिथेच सापडते. भिंतीवर सपाट चार्ट लावून घेतलेल्या चाचण्यांत नेमका हाच भाग पकडला जात नाही.

"फोटो निर्जीव येतात."

हा चवीचा प्रश्न, फार वाद नको. एवढंच, की बोकेचा मऊपणा मुख्यतः गोलीय विपथन कसं शिल्लक ठेवलंय त्यावर ठरतो, रंगीत कडांवर नाही. पलीकडच्या गोटातलं "अ‍ॅपोनं त्वचेचा रंग खरा येतो" हेही तितकंच पोकळ. फोटोची एकूण छटा काच, कोटिंग आणि रंग प्रोफाइलवर ठरते. अ‍ॅपो दुरुस्तीनं बारीक तपशिलाचा कॉन्ट्रास्ट वाढतो, कारण कडेभोवतीचा पसरट प्रकाश कमी होतो. तो अनेकांना ‘खरा रंग’ वाटतो.

"ब्लॅक अँड व्हाइटला गरज नाही."

सगळ्यात जास्त पटणारं आणि सगळ्यात उलटं वाक्य. रंग काढला की कड दिसत नाही, पण धूसरपणा उरतो. आकाश गडद करायला लाल चॅनेल वर ओढला आणि नेमका लालच फोकसबाहेर असला, तर पूर्ण चित्र मऊ होतं. मोनोक्रोम सेन्सरवर परिस्थिती आणखी बिकट. लायका एम११ मोनोक्रोमसारख्या कॅमेऱ्यात पिक्सेलांवर रंगांचे फिल्टरच नसतात, म्हणजे वेगळे चॅनेल नाहीत, म्हणजे आडवा दोषसुद्धा सॉफ्टवेअरला ताणून जुळवता येत नाही. ती पहिल्या दाव्यातली टिक इथे उपलब्धच नाही. लेन्ससमोर लाल किंवा हिरवा फिल्टर लावून रंगांचा पट्टा अरुंद केला की कडा घट्ट होतात, पण प्रकाश एक ते तीन स्टॉप जातो आणि करड्या छटा फिल्टर ठरवतो. फिल्टरशिवाय काम करायचं असेल, तर रंग जुळवायची जबाबदारी एकट्या काचेवर येऊन पडते.