पट आधी, पोरं मागाहून

शाळा काढताय म्हणे. छान. आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात माणसाच्या हातात चार पैसे आले की तो प्लॉट घेतो, आणि प्लॉटचं पुढं काही होत नाही असं दिसलं की त्यावर इंग्लिश मीडियम उभी करतो. वेंगुर्ला रोडला तुमची पाटी लागायच्या आधीच बेंगळुरूहून नाहीतर हैदराबादहून शाळेचा ब्रँड भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा एक टाय लावलेला तरुण येऊन बसेल, चहा घेईल, कुंदा नको म्हणेल आणि लॅपटॉप उघडेल. ब्रँडचं नाव, गणवेशाचा रंग, पुस्तकांचे संच, शिक्षकांचं ट्रेनिंग हे त्याचं. जागा, इमारत, कर्ज आणि पालकांची बोलणी तुमची. करार तीस-चाळीस पानांचा असतो, इंग्रजीत असतो, आणि तो वाचायला घेतला तर तरुणाला वाईट वाटतं. तेव्हा वाचू नका. शेवटी एक परिशिष्ट असतं, तेवढं मात्र तुमच्याच हातानं भरायचं: पहिल्या वर्षी विद्यार्थी किती, दुसऱ्या वर्षी किती, असं पाचव्या वर्षापर्यंत. ते कसं भरावं हे सांगायलाच हा खटाटोप.

मुलं मोजायला जाऊ नका. काही जुनाट लोक तसं करतात. आसपासच्या अंगणवाड्यांत जाऊन तीन वर्षांची पोरं किती ते विचारतात, त्यातल्या किती घरांना आपली फी झेपेल ते बघतात, आधीपासूनच्या शाळा त्यातली किती नेतात ते वजा करतात. मग पहिलीतल्या शंभरांतली दुसरीत किती टिकतात, पाचवीत किती गळतात याची मागच्या तीन-चार वर्षांची सरासरी काढून एकेक इयत्ता पुढं सरकवत नेतात. ही रीत बरोबर आहे, आणि तिथंच घोटाळा आहे. तिच्यातून निघणारा आकडा नेहमी बारका निघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकाचा जननदर १.७ आला, म्हणजे नवरा-बायको दोघं आणि पोरं दोनसुद्धा नाहीत. खानापूरच्या पश्चिमेकडच्या खेड्यांत जी थोडी आहेत, त्यांतली कितीतरी कामाच्या पाठी गेलेल्या आई-बापाबरोबर गोव्यात शाळा शिकतात. हे सगळं बँकेच्या मॅनेजरसमोर मांडलंत तर तो तुमचा प्रामाणिकपणा वाखाणेल आणि फाईल मिटेल.

शहाणी माणसं उलटीकडून येतात. कर्जाचा हप्ता घ्या, त्यात कंपनीची रॉयल्टी मिळवा, बसवाल्याचं भाडं मिळवा, होर्डिंगचा खर्च मिळवा. शिक्षकांचे पगार शेवटी, उरले तर. समजा वर्षाला साठ लाख झाले आणि फी तीस हजार ठरली, तर तुमच्या शाळेत दोनशे मुलं आहेत. अजून जन्माला आली नसतील, पण आहेत. दुसऱ्या वर्षासाठी त्यात पंधरा टक्के वाढवा. पंधराच का, असं कुणी विचारलं तर शेजारच्या संस्थेनं बारा लिहिले आहेत, एवढं कारण पुरतं. त्या शेजारच्या संस्थेनं हिंडलग्याची जी पोरं मोजली आहेत तीच तुम्हीही मोजताय, पलीकडच्या दोघांनीही तीच मोजली आहेत, असल्या क्षुल्लक गोष्टीत शिरू नका. एका पोराला चार दप्तरं न्यावी लागतील इतकंच.

वाढ दाखवायची एक सोपी युक्ती आहे आणि ती बेकायदेशीरही नाही. पहिल्या वर्षी नर्सरी, एलकेजी, यूकेजी एवढंच उघडा. पुढच्या वर्षी पहिली, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी. नर्सरीत पहिल्याहून एक पोर जास्त आलं नाही तरी वर्ग वरती सरकतो, खाली नर्सरी पुन्हा भरते, आणि तक्त्यात आलेख चढता दिसतो. तरुण याला 'ऑरगॅनिक ग्रोथ' म्हणेल, तुम्ही मान डोलवा. यूकेजी संपली की निम्मे पालक टिळकवाडीतल्या नावाजलेल्या शाळेच्या रांगेत उभे राहतात, ही गोष्ट आलेखात बसत नाही म्हणून सोडून द्यायची.

सरकार अधूनमधून तुमच्या आलेखाला धक्का देतं, त्याला इलाज नाही. पहिलीला १ जूनला सहा वर्षं पुरी हवीत, हा नियम २०२२ साली निघाला आणि लागू व्हायचा होता २०२५-२६ पासून. लोकांनी त्या हिशेबानं पोरं यूकेजीत घातली, कुणी एक वर्ष जास्तीचं ठेवून घेतली. मग एप्रिल २०२५ मध्ये त्या एका वर्षापुरती सवलत आली: एलकेजी-यूकेजी झालेलं असेल तर साडेपाचाला एक महिना कमी, म्हणजे पाच वर्षं पाच महिने चालतील. कुठल्या शाळेची पहिली तुडुंब, कुठली ओस, आणि यूकेजीच्या बाई रडकुंडीला. करारातल्या आकड्यानं यातलं काहीच ऐकलेलं नसतं. तो आपला मार्चमध्ये लिहिला तसाच बसून असतो.

आता मुख्य मुद्दा, आणि इथं जरा लक्ष द्या. आकडा किती लिहिला यापेक्षा करारात 'विद्यार्थी' कुणाला म्हटलंय हे जास्त महत्त्वाचं. चौकशीला येऊन फॉर्म विकत घेतलेला तो विद्यार्थी का? पाचशे रुपये भरून सीट धरलेला? पहिला हप्ता भरलेला? जूनमध्ये दिसलेला, का सप्टेंबर उलटल्यावरही दिसणारा? कंपनीला पैसे घेताना फॉर्म घेतलेला प्रत्येक जण विद्यार्थी वाटतो. पुस्तकं परत घ्यायची वेळ आली की तिला फक्त पूर्ण फी भरलेलाच विद्यार्थी दिसतो. तुम्हीही काही कमी नाही. पालकांपुढं 'आमच्याकडं तीनशे आहेत', रॉयल्टीच्या वेळी 'कुठं ओ, दीडशे', आणि बस ठरवताना पुन्हा तीनशे. तीन वह्या ठेवा, रंग वेगवेगळे असू द्यात. शिक्षण खात्याच्या एसएटीएस आणि यूडायस या ऑनलाइन नोंदवह्यांवर जी चौथी संख्या जाते ती क्लार्कच्या ताब्यात असते, तिकडं शक्यतो बघू नका. तिथं एकेका मुलाच्या नावानं नंबर पडतो आणि नंबर पडला की कल्पनाशक्तीला वाव राहत नाही.

कलमांतलं 'किमान हमी' नावाचं एक कलम तेवढं तोंडओळख म्हणून सांगतो. तुम्ही दोनशे लिहिलेत, आले एकशेदहा, तर रॉयल्टी दोनशेचीच जाते. पुस्तकांचे संचही दोनशेच येतात. उरलेले नव्वद संच ठेवायला खोली लागते, म्हणून स्टाफरूम मोकळी करा. कलम काढून टाका म्हणालात तर तरुण हसून सांगेल, 'सर, आकडा तुमचाच आहे.' त्याचं खरं असतं.

पीयू, म्हणजे अकरावी-बारावीचं कॉलेज काढणाऱ्यांचा मामला याहून रंगतदार. तिथं नीट-जेईईच्या क्लासवाल्यांशी करार. सकाळी कॉलेज त्यांचं, दुपारी कॉलेज तुमचं, रात्री हॉस्टेल दोघांचं, आणि फी एकत्र. इथं अंदाज दहावीच्या निकालावर बांधतात. २०२३ साली एसएसएलसीचा राज्याचा निकाल जवळपास ८४ टक्के लागला. बेळगाव आणि चिक्कोडी असे आपल्याकडं दोन-दोन शैक्षणिक जिल्हे. दोन्हीकडच्या संस्थाचालकांनी हर्षानं तुकड्या वाढवल्या. २०२४ मध्ये परीक्षा हॉलमध्ये कॅमेरे लागले, वेबकास्टिंग झालं, आणि वाढीव ग्रेस मार्क देऊनही निकाल ७३ च्या आसपास आला. पोरं तीच, गावं तीच, फक्त वर एक कॅमेरा. पण 'परीक्षा हॉलमध्ये कॅमेरा नसेल' असं गृहीत धरल्याचं कुठल्याच परिशिष्टात लिहिलेलं नव्हतं. त्याच २०२४ पासून वर्षाला तीन-तीन परीक्षा सुरू झाल्या, म्हणजे दहावी पास होणारी पोरं तीन हप्त्यांत येऊ लागली. क्लासवाल्याचा फाउंडेशन कोर्स मात्र एकदाच सुरू होतो. तिसऱ्या परीक्षेत सुटलेल्या पोराला त्याच्या कॅलेंडरात जागा नसायची, तुमच्या आकड्यात असायची.

आणि शक्ती योजना विसरू नका. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायका-मुलींना सरकारी बस फुकट. खानापूर तालुक्यातल्या बिडी-नंदगडची पोरगी आता पास न काढता बेळगावला येते, तेव्हा बेळगावातल्या कॉलेजनं तिला आपल्या आकड्यात धरलं. खानापुरातल्या कॉलेजनं तिला आधीच धरलं होतं. शिनोळीपलीकडची, चंदगड तालुक्यातली पोरगी महाराष्ट्राची, तिला ही सवलत नाही, पण दोन-तीन जणांनी तिलाही धरलंय. सीमाप्रश्नावर एवढी एकजूट मी इतरत्र पाहिली नाही.

डिग्री कॉलेजवाल्यांनी चौथ्या वर्षाचा रकाना कोरा ठेवावा, एवढंच सांगेन. २०२१ मध्ये चार वर्षांची पदवी आली म्हणून ज्यांनी चौथं वर्ष धरून इमारतीचा मजला चढवला, त्यांना मे २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षं झाल्याचं कळलं. मजला आहे तिथंच आहे.

तुम्ही म्हणाल, आमची मराठी शाळा आहे, आम्हाला असल्या करारांशी काय. वा! तुमचा करार तर थेट शिक्षण हक्क कायद्याशी आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट झाली की तीन. त्यामुळं सीमाभागातल्या कुठल्याही मराठी शाळेतलं सर्वांत मोलाचं पोर म्हणजे एकसष्टावं. त्याला ताप आला तर हेडमास्तर रात्रभर झोपत नाहीत, कारण ते गेलं की एक सर जादा ठरतात, हेच्चुवरीच्या यादीत लागतात आणि बदलीचं पत्र येतं. म्हणून मे महिन्यात घरोघर हिंडून पोर हुडकायचं असतं. एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या पालक-समितीचे अध्यक्षही बरोबर हिंडतात. त्यांची स्वतःची दोन पोरं त्या वेळी इंग्लिश मीडियमच्या बसमध्ये असतात, म्हणून त्यांना वेळ मिळतो. सोपी वाट म्हणून कुणी सुचवेल, की एकच पोर इकडं एसएटीएसवर आणि तिकडं महाराष्ट्राच्या सरलवर, दोन्हीकडं दाखवा. घाई करू नका. पलीकडं ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस एकाच वेळी राज्यभर पटपडताळणी झाली आणि पटावरची लाखो पोरं वर्गात सापडली नाहीत. तेव्हा त्यांच्याकडं पोरांच्या बोटाला शाई लागली, आपल्याकडं आता आधार लागतो.

त्यापेक्षा भावनेवर अंदाज बांधा. सीमाभाग कर्नाटकात गेला म्हणून दर १ नोव्हेंबरला पाळतात त्या काळ्या दिवसाच्या फेरीत किती डोकी असतात ती मोजा. प्रत्येक डोक्यामागं एक पोर धरा. हा आकडा कागदावर फार सुंदर दिसतो, पुढच्या सात पिढ्या मराठी शाळांना तुकड्या कमी पडणार नाहीत. जूनमध्ये त्यातलं कुणी न आल्यास त्याला कर्नाटक सरकार जबाबदार आहे असं निवेदन आधीच टाईप करून ठेवा, वर तारीख तेवढी मोकळी सोडा. सरकारनं आपल्या परीनं मदत केलेली असतेच म्हणा. कागद कन्नडमध्ये येतात, शिक्षक वेळेवर येत नाहीत, पुस्तकं जुलैत येतात. पण आकडा तुमचा होता, हे निवेदनात लिहायचं नाही.

आता समजा आकडा आला नाही. घाबरू नका, तो कुणाचाच येत नाही. आधी शिक्षिकांना बोलवा आणि सांगा की यंदा प्रत्येकीनं दहा ॲडमिशन आणल्या तरच पगारवाढ, नाहीतर आहे तो पगार दोन हप्त्यांत. डीएड-बीएड झालेली पोरगी वडगाव-अनगोळच्या गल्लीबोळात उन्हातान्हात पत्रकं वाटत फिरताना दिसली की लोकांचा संस्थेवरचा विश्वास वाढतो. मग फी वाढवा. मुलं कमी आली म्हणून आलेल्या मुलांची फी जास्त, हे गणित पालकांना समजायला जड जातं. त्यांना डिजिटल बोर्ड दाखवा. बसवाल्याला म्हणावं तीनऐवजी दोनच गाड्या, तो करार दाखवेल, तिसरी गाडी रिकामी फिरू द्या. लोकांना वाटतं पोरं आत आहेत.

दुसऱ्या वर्षीही तेच झालं तर कंपनीशी नव्यानं बोलणी लावा. गेल्या वर्षी न आलेली नव्वद मुलं 'लांबणीवर पडलेले प्रवेश' म्हणून पुढच्या वर्षात ढकला, त्यावर पंधरा टक्के चढवा. आकडा आता पहिल्याहून मोठा झाला. तरुण बदललेला असेल, नवा तरुणही कुंदा नको म्हणेल, पण सही घेईल.

ती बोलणी फिसकटली तर मात्र करार काढून वाचायची वेळ आली असं समजा. शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, वाद उद्भवल्यास लवाद बेंगळुरूला आणि न्यायक्षेत्र फक्त बेंगळुरू, असं असतं. ज्यांनी उभ्या आयुष्यात बेंगळुरूचा अधिकार मानला नाही अशा आपल्या एका थोर संस्थाचालकांनी हे कलम वाचून वकिलाला विचारलं, 'मुंबई करता येईल का?' येत नाही. रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे, सकाळी पोचवते. तिकीट महिनाभर आधी काढा, तारखा पडत राहतात, आणि जाताना तिन्ही वह्या घेऊन जाऊ नका. एकच न्या. कुठली न्यायची ते वकिलाला विचारा, मला नको.