न्यू हॅम्पशायर ‘टॅक्स-फ्री’ आहे म्हणे!

अमेरिकेत बॉस्टनकडच्या मराठी ग्रुपांवर शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्याबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘न्यू हॅम्पशायरला राहायला जा. टॅक्स शून्य, घरं स्वस्त, सरकारची कटकट नाही. थंडीची काय, होते सवय!’

टॅक्स शून्य? पगारावर राज्याचा आयकर नाही, सेल्स टॅक्स नाही, २०२५ पासून व्याज-लाभांशावरचा करही गेला. इथवर खरं. मग शाळा कशावर चालतात? मुख्यतः घरपट्टीवर, आणि ती देशातल्या सगळ्यात चढ्या घरपट्ट्यांत मोडते. हजार डॉलर मूल्यामागे २० डॉलर दर धरा: ४ लाखांच्या घराला वर्षाला ८ हजार. पगार थांबला की आयकर थांबतो. घरपट्टीला तुमच्या नोकरीचं सोयरसुतक नसतं. बाहेर जेवलात तर बिलावर साडेआठ टक्के वेगळे. आणि न्यू हॅम्पशायरच्या नॅशुआ शहरात राहून रोज मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बॉस्टनच्या ऑफिसात जाणाऱ्याला त्या पगारावर मॅसॅच्युसेट्सचा ५ टक्के आयकर चुकत नाहीच. मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलंय.

घरं स्वस्त? बॉस्टनला रोज ये-जा करता येईल अशा पट्ट्यात तरी नाहीत. वर उत्तरेला मिळतात. पण तिकडच्या बऱ्याच इस्पितळांनी बाळंतपणाचे विभाग बंद केलेत. बोअरचं पाणी आधी तपासून घ्या, इथल्या खडकात आर्सेनिक आहे.

थंडीची सवय माणसाला होते हो, घराला होत नाही. खेड्यात गॅसची पाइपलाइन नसते. तळघरात २७५ गॅलनची तेलाची टाकी असते, आणि ती हिवाळ्यात पुन्हा पुन्हा भरावी लागते. छतावरचा बर्फ वितळतो, पागोळ्यांपाशी पुन्हा गोठतो, त्यामागे पाणी तुंबून थेट भिंतीत उतरतं. म्हणून प्रत्येक मोठ्या हिमवर्षावानंतर खाली उभं राहून लांब दांड्याच्या फावड्यानं छपरावरचा बर्फ ओढायचा, तो निम्मा आपल्याच डोक्यावर. थंडी सरली की चिखल: कच्च्या रस्त्यांत चाकं रुततात, आणि गावं जड वाहनांना बंदी घालतात.

राहिली सरकारची कटकट. ती नसते, कारण सरकार म्हणजे तुम्हीच: गावाचा खर्च गावकरीच सभेत मतं देऊन ठरवतात. मार्च २०२२मध्ये क्रॉयडन गावाच्या सभेत २० विरुद्ध १४ मतांनी शाळेचं बजेट १७ लाख डॉलरवरून ८ लाखांवर आलं. बाकीचं गाव घरीच होतं. निर्णय फिरवायला मे महिन्यात निम्म्याहून अधिक मतदार हजर हवे होते; लोकांनी दारोदार फिरून ते जमवले. या खेपेला बजेट पूर्ववत करण्याच्या विरोधात फक्त दोन मतं पडली.