'दम्याचा जीन' सापडला म्हणे!

सध्या एक मेसेज फिरतोय. लहान मुलांचा दमा पूर्णपणे आनुवंशिक, आईवडिलांना असेल तर मुलाला होणारच, घराण्यात नसेल तर तो दमा नाहीच, जीन सापडलाय तेव्हा टेस्ट करून घ्या, आणि आजार जीन्समधलाच असल्यामुळे इनहेलरचा उपयोग शून्य, उलट सवय लागते. थोडं खरं आहे यात, म्हणून तर पटापट फॉरवर्ड होतो.

"होणारच": नाही. आई किंवा वडलांना दमा असेल तर मुलाचा धोका वाढतो, दोघांना असेल तर अजून वाढतो, इथपर्यंत बरोबर. पण एकसारखी दिसणारी जुळी बघा, डीएनए जवळपास सेम, तरी एकाला दमा आणि दुसरा ठणठणीत असं चांगलंच दिसतं. मग फक्त जीन्सचाच खेळ कसा?

"घराण्यात नाही म्हणजे दमा नाही": हे जास्त धोक्याचं. आईवडील दोघंही ठीक असलेल्या कितीतरी मुलांना दमा असतो, आणि असल्या मेसेजमुळे रात्रीचा खोकला, छातीतली शिट्टी "सर्दीच आहे" म्हणून महिनोन्महिने ढकलली जाते.

आता तो जीन. २००७ मध्ये सतराव्या क्रोमोझोमवर १७क्यू२१ नावाचा भाग लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी जोडलेला सापडला, त्या भागातल्या ओआरएमडीएल३ या जीनचं नाव तिथूनच गाजलं, नंतर शेजारच्या गॅसडर्मिन बी या जीनवरही संशय गेला. पुढे २०१४ मध्ये सीडीएचआर३ हा जीन आला, आणि हा मला सगळ्यात भारी वाटतो, कारण रायनोव्हायरस सी, म्हणजे सर्दीचाच एक व्हायरस, याच जीनवरून बनणाऱ्या प्रोटीनला धरून श्वासनलिकेच्या पेशीत शिरतो. म्हणजे जीन कुठे काम करतोय तर मूल सर्दीने किती आजारी पडेल तिथे! असे डझनावारी जीन्स आहेत, एकेकाचा वाटा छोटा, आणि तेच 'वाईट' व्हर्जन असंख्य धडधाकट लोकांतही असतं. त्यात १७क्यू२१ चा परिणाम लहानपणी घरात सिगारेटचा धूर असेल तर जास्त दिसतो असंही २००८ मध्ये आलं. जीन बदलता येत नाही, पण धूर तर बंद करता येतो ना.

म्हणूनच दमा आहे की नाही हे जीन टेस्टवरून ठरवत नाहीत. लक्षणं, तपासणी, आणि साधारण पाच-सहा वर्षांच्या पुढे फुंकून करायची स्पायरोमेट्री, औषधाआधी आणि नंतर. फॅमिली हिस्टरी डॉक्टर विचारतात ती वेगळ्या कामासाठी: तीन वर्षांच्या आतल्या मुलाला सारखी सारखी शिट्टी वाजत असेल तर आईवडिलांचा दमा किंवा मुलाचा एक्झिमा (त्वचेला खाज, पुरळ), यावरून पुढे दमा टिकायची शक्यता किती याचा अंदाज येतो. अंदाजच.

राहिला इनहेलर. त्यातलं स्टेरॉइड श्वासनलिकेची सूज कमी करतं, सूज जीन्समुळे आली की धुळीमुळे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याचं व्यसन लागत नाही. रिलीव्हर पंप, म्हणजे धाप लागल्यावर लगेच आराम देणारा, तो मात्र वारंवार लागत असेल तर ती सवय नसते, दमा कंट्रोलमध्ये नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि तेव्हा पंप लपवून ठेवायचा नसतो, डॉक्टरकडे जायचं असतं.