थाप असताना पट्टा कशाला? फौजी सरांच्या कमेंटला उत्तर

ओ सर, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं, फौजेत हाताच्या खुणा आहेत, खांद्यावर थाप आहे, मग जवानाच्या कमरेला छोट्या मोटरींनी थरथरून इशारे देणारा पट्टा बांधायचे लाड कशाला, पळताना त्याला ती थरथर कळणार तरी कशी, आणि बॅटरी संपली की काय करायचं.

पळण्याचा मुद्दा एकदम बरोबर. अंग हलत असलं की बारीक कंप कमीच जाणवतो. म्हणून तर या पट्ट्यांतल्या मोटरी बऱ्याचदा २५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २५० कंपांच्या आसपास चालवतात, कातडीला तिथला कंप सगळ्यात लवकर कळतो. शिवाय बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन टोचे वेगळे कळतात, पाठीला त्यासाठी जवळपास चार सेंटीमीटर लागतात, त्यामुळे पाठीवर अक्षरं उमटवायला गेलं की घोळ होणारच, पण कमरेभोवती आठ मोटरी लावून नुसती दिशा दाखवायची असेल तर ती माणसाला पटकन कळते.

आता थाप. दारातून आत घुसायच्या आधी टीम भिंतीला चिकटून उभी असते, मागचा पुढच्याचा खांदा दाबतो, तो दाब सरकत सरकत पहिल्यापर्यंत जातो, कुणाची मान वळत नाही की बंदूक हलत नाही. याच्यापेक्षा भारी सिस्टीम मला तरी माहीत नाही. आपल्याकडे यंत्रमागाच्या खडखडाटात कोण हाका मारत बसतंय, सरळ जाऊन दंडाला हात लावतात, तसंच हे. पण सर, हात पोचला तर ना! अमावस्येच्या रात्री झाडीत माणसं दहा-दहा मीटरवर पसरलीत, हाताची खूण दिसत नाही, टॉर्च लावायची सोय नाही, वायरलेसवर कुजबुजलं तरी आवाज होतोच. अशा वेळी घात लावून बसलेले लोक आपसात दोरी बांधून हिसके द्यायचे, पाणबुडे तर अजून देतात. पट्टा म्हणजे तीच दोरी, फक्त झाडात अडकत नाही.

अति केलं की बिघडतं हे मलाही मान्य. फ्रँक गेल्डार्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये छातीवर पाच कंपक लावून ४५ खुणांची अख्खी लिपी मांडली होती, आणि शिकवल्यावर लोकांना ती वाचताही आली की! पण ते लॅबमध्ये निवांत बसून. रात्रभर चालून दमलेल्या जवानाला थांब, चल, गोळा व्हा, धोका, एवढं बास.

आणि बॅटरीचा टोमणा मारलात, तर वायरलेसची पण संपतेच की.

बाकी तुम्ही रात्रीच्या पेट्रोलिंगला दोरी वापरली होती का, आणि किती हिसक्यांना काय अर्थ होता, तेवढं सांगाच.