आयर्विनला किती?

पावसाळा तोंडावर आला की व्हॉट्सॲपवर 'आपत्कालीन बॅग'ची यादी फिरायला लागते. टॉर्च, शिट्टी, बिस्किटं, दोरी. शिट्टी वाजवून आमच्या सांगलीच्या गावभागात कोण धावून येणार आहे देव जाणे! बॅग भरायला माझी ना नाही. पण २०१९ च्या पुरात आमच्या घरात बॅग भरलेली होती आणि तरीही आम्ही अडकलो, कारण घरातून निघायचं कधी, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

सांगलीबाहेरच्या मंडळींसाठी सांगते. इथे पूर फुटात मोजतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. जुलै-ऑगस्टमध्ये दोन सांगलीकर भेटले की आधी "आयर्विनला किती?" आणि मग "बरे आहात ना?"

आमच्या जिन्याच्या भिंतीवर आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, २००५ च्या पुराची रेघ मारून ठेवली होती. ऑइलपेंटने, खाली तारीख घालून. कमरेएवढी. ती रेघ हेच आमचं आपत्ती व्यवस्थापन! २०१९ ला पाणी वाढायला लागलं तसं आम्ही सगळं सामान रेघेच्या वर चढवलं. फ्रिज टेबलावर, गाद्या कपाटावर, मुलांची सर्टिफिकेटं वरच्या कप्प्यात. आबा म्हणाले, "कृष्णामाई येते, पाय धुते आणि जाते. येऊन येऊन येतंय किती?"

२००५ ला आयर्विनला जवळपास ५४ फूट पाणी होतं. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं. वरचे ते साडेतीन फूट आमच्या कपाटातून, गाद्यांतून आणि सर्टिफिकेटांतून गेले. आम्ही माडीवर दोन रात्री. खाली सगळीकडे पाणी आणि प्यायला दीड कळशी. लाइट नाही, संडास खाली बुडालेला. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, आणि फ्रिज टेबलासकट आडवा. तिसऱ्या दिवशी बोट आली. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते कळल्यावर वाटलं, माडीवर बसून राहण्यात कसली बहादुरी? आपल्या हट्टापायी दुसऱ्या कुणाला तरी त्या पाण्यात उतरावं लागतं.

माझा राग त्या रेघेवर आहे. गेल्या पुराला पाणी कुठवर आलं होतं एवढंच ती सांगते, आणि आपण मात्र तिला नदीने दिलेलं वचन समजतो. त्यात कृष्णा आपल्याला सवड देते. कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते आधी कळतं, पातळीचे आकडे तासातासाला फोनवर येतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणकरांना वाशिष्ठीने एवढी सवड दिली नव्हती. आपल्याला मिळते ती आपण "बघू की" म्हणत घालवतो.

आता आमच्या कपाटाच्या दाराला आतून तीन आकडे चिकटवलेत. ३५ ला कागदपत्रं आणि इन्व्हर्टरची बॅटरी माडीवर, गाडी बाहेर. ३८ ला आबा-सासूबाई इन्सुलिनच्या थर्मासकट पुरापासून लांब, विश्रामबागला नणंदेकडे. ४२ ला मेन स्विच बंद, सिलेंडरचा रेग्युलेटर काढायचा, कुलूप. त्यावर चर्चा नाही. निघताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढायचा, पंचनाम्याच्या वेळी काय होतं आणि काय गेलं ते दाखवायला. २०२१ ला हे सगळं केलं. घर बुडालं ते बुडालंच, पण आम्ही कोरडे होतो. आबा चार दिवस बोलले नाहीत, तो भाग वेगळा.

हे आकडे आम्हाला परवडतात, कारण नणंद विश्रामबागला राहते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं तसं कुणी नाही. त्यांच्यासाठी निवाऱ्याची शाळा कोणती, ती किती फुटांना उघडणार, हे जूनमध्येच विचारून ठेवायला हवं. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे. यंदा तो मी त्यांच्या फोनमध्ये घालून दिलाय.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आयर्विनला किती असताना येतं, ते खाली लिहा. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटवाल्यांनी आधी, पाणी पहिलं तुमच्याकडेच शिरतं.